पाणी तपकिरी झालं म्हणून पैसे देऊ नका

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी दुपारी आई-बाबा दोघंच असतात. नेमकी तीच वेळ साधून गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन तरुण आले. "काकू, पाणी मोफत तपासून देतो." एका ग्लासात नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं. दोन्हींत सळ्या बुडवून वीज सोडली. नळाचं पाणी आधी पिवळसर, मग तपकिरी झालं, वर घाण फेस आला. दुसरा ग्लास नितळच. "हे पीफास नावाचं रसायन, काकू. यानं कॅन्सर होतो. आमचं मशीन ते नष्ट करतं." बाबांनी २८ हजार रुपये तिथल्या तिथे यूपीआयनं दिले.

साफ खोटं आहे हे. तो रंग सळीच्या लोखंडाच्या गंजाचा. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. त्यांच्या बाटलीतल्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले, त्यातून वीज जवळपास जातच नाही. टीडीएस मीटरलाही पीफास कळत नाही, तो फक्त क्षारांचा अंदाज देतो.

जास्त संताप याचा, की पीफासची काळजी खरी आहे. नॉनस्टिक भांडी, पाण्यानं न भिजणारं कापड, आग विझवायचा फेस यांत वापरलेली ही रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेनं २०२४ मध्ये त्यातल्या पीएफओए आणि पीएफओएससाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठरवली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! तो मोजायला प्रयोगशाळाच लागते.

आणि 'नष्ट' करणं घरगुती फिल्टरच्या आवाक्यातलं नाही. सक्रिय कोळसा किंवा आरओ पीफास अडवतात, एवढंच. कोळशाची क्षमता संपली की तो बदलावा लागतो. आरओनं अडवलेलं वाया जाणाऱ्या पाण्याबरोबर गटारात जातं, आणि मलनिस्सारण केंद्रातल्या नेहमीच्या प्रक्रियेत ते तुटत नाही. म्हणजे पुन्हा नदीतच.

बाबांच्या मशीनचं कार्ट्रिज मी उघडलं. आत धाग्याचा साधा फिल्टर आणि मूठभर कोळसा. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

फिल्टर घ्यायचाच असेल, तर त्याच मॉडेलनं पीफास किती कमी केलं याचा आधीचा-नंतरचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. आणि हे दोघं आता पाथर्डी फाट्याकडे फिरताहेत असं कळलंय. तुमच्या दारात आले, तर त्यांच्या त्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज सोडायला सांगा.