सावंतवाडीच्या तांबटाने पेटवलेला आजोबांचा सायकलदिवा

आजोबा वेंगुर्ल्यात कंपाउंडर. रात्री-अपरात्री मोचेमाडची चढण चढून शिरोड्यापर्यंत औषधं पोचवायचे, ते याच दिव्याच्या उजेडात. ते गेल्यावर आईने तो फडताळात जपून ठेवला. गेल्या महिन्यात तो पुन्हा पेटला, म्हणून सावंतवाडी बाजारातल्या तांबटाच्या दुकानाबद्दल लिहिते आहे.

दिवा बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकसच्या कारखान्याचा, पितळेवर निकेल चढवलेला. त्यावर ‘किंग ऑफ द रोड’ अशी अक्षरं. हे ल्यूकस आधी हातगाडीवर रॉकेल विकत. १८८० च्या सुमारास त्यांनी उंच चाकाच्या सायकलीसाठी आऱ्यांच्या मधे, आसाला लटकणारा तेलाचा दिवा काढला. हे नाव मूळचं त्याचं, पुढे कारखान्याने इतर दिव्यांनाही दिलं. आमचा दिवा नंतरचा, कार्बाइडचा. बाजूला गलबतासारख्या काचा आहेत, उजवीकडे हिरवी, डावीकडे लाल. लहानपणी त्या हिरव्या काचेतून मी माडाच्या झावळ्या बघत बसायचे.

वरच्या टाकीतलं पाणी सुईच्या झडपेतून थेंबथेंब कार्बाइडवर पडतं, अ‍ॅसिटिलीन वायू होतो आणि नळीतून बर्नरला जातो. मागे उरतो चुना. तो वेळच्या वेळी काढला नाही की डबा कुजतो आणि बर्नरची भोकं बुजतात. आमच्या दिव्याचं तेच झालं होतं, शिवाय नळीला चीर.

आधी दुसऱ्या गावातल्या एका दुकानात गेले. तिथे तांब्याची नळी आणि वरून चकचकीत क्रोम सुचवलं. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तांबं आणि अ‍ॅसिटिलीन यांच्यातून कॉपर अ‍ॅसिटिलाइड हा स्फोटक पदार्थ बनू शकतो, म्हणून दिवा उचलून परत आले. जुनी अक्षरं घासून त्यावर क्रोम चढवायचं, हे तर मला सोसलंच नसतं.

सावंतवाडीच्या तांबटांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, तांब्याची नको म्हणतास, तर पितळेचीच घालतंय,” एवढंच बोलले. चुना दोन दिवस पाण्यात भिजवला आणि बांबूच्या कामटीने खरवडला. टाकीच्या बुडाला बारीक डाख दिला, तो आत बोट फिरवल्यावरच कळतो. मी घरची सवय म्हणून आमसुलाने घासू का विचारलं, तर लगेच म्हणाले, “ह्येका आंबट लावू नकात.” साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. अक्षर न् अक्षर शाबूत आहे.

वीस दिवस लागले. सांगितले होते आठ. मजुरी ८५० रुपये. झाकणाखालचा वॉशर पहिल्यांदा गळला, तो दुसऱ्या दिवशी पैसे न घेता बदलून दिला. दिवा ताब्यात देण्याआधी त्यांनी तो दुकानामागच्या अंगणात, उघड्यावर पेटवून दाखवला. दोन बारीक धारा एकमेकींवर आपटून पांढरी, पंख्यासारखी ज्योत उभी राहिली. या उजेडात आजोबा घाट चढायचे, हे मी तोपर्यंत फक्त ऐकलं होतं.

दिवा नेणार असाल तर कार्बाइड आपलं न्या. गॅस वेल्डिंगवाल्याकडे मिळतं. आंबे पिकवायला त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण घट्ट झाकणाच्या, कोरड्या डब्यातच ठेवा. आपल्या पावसाळ्यात ते हवेतल्या ओलीनेच वायू सोडू लागतं.