तव्यासाठी काय घ्यावं: लेपे की मुडदुश्या?

गोव्यात पावसाळी मासेमारीबंदी संपली की ऑगस्टच्या १ तारखेला ट्रॉलर पुन्हा समुद्रात जातात. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत फोंड्याच्या बाजारात लेप्यांचे वाटे दिसू लागतात. नेमकं त्याच सुमारास शेजारच्या टोपलीत मुडदुश्याही असतात, चकचकीत आणि रुपेरी. दोन्ही मासे हलके, दोन्हीचं मांस पांढरं, आणि दोन्हींना रवा लावून तळायची आपल्याकडे रीत. म्हणूनच माणूस तिथे उभा राहून विचारात पडतो. मीही बरीच वर्षं पडत होतो.

आमच्या घरी पूर्वी मुडदुशीच यायची. कुणी आजारातून उठलं, कुणी बाळंतीण असली की पेजेबरोबर मुडदुशीचं पातळ कालवण ठरलेलं. मांडवी-झुवारीच्या मुखाकडे, वाळूच्या तळाला राहणारा हा मासा. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, मिळालेला ताजा असेल तर त्याला उग्र वास अजिबात नसतो. चवीबद्दल माझी तक्रार आजही नाही. हुमणात, म्हणजे नारळाच्या वाटपाच्या कालवणात, घालायची असेल तर पुढचं वाचू नका, मुडदुशीच घ्या. लेपो रश्शात जरा जास्त शिजला की मांस काट्यापासून सुटतं आणि वाटपात हरवून जातं.

प्रश्न तव्याचा आहे. मुडदुशी अंगाने गोल. तव्यावर ठेवली की तिची जेमतेम बोटभर पट्टी तेलाला टेकते. उलटली की दुसऱ्या बाजूची तेवढीच पट्टी. मधल्या कुशी पांढुरक्याच राहतात, तिथला रवा ओला राहून सुटतो आणि तेलात जळतो. शेपटी बारीक, म्हणून ती आधी कडक होते. पाठीचा जाड भाग मात्र काट्याशी कच्चा. एकदा घरी पाहुणे जेवायला होते. मी स्वतः तळलेल्या मुडदुश्या वरून छान तांबूस दिसत होत्या. पहिल्याच घासाला पाहुण्यांनी मासा हळूच ताटाच्या कडेला सरकवला. आत काट्यालगत मांस गुलाबी होतं. त्यांनी काही म्हटलं नाही, पण मला फार लागलं.

यावर उपाय आहेत. आच मंद ठेवून झाकण घालावं, तर कुरकुरीतपणा जातो. पोटाकडून चिरून मासा उघडा पसरावा, तर तळला उत्तम जातो, पण ते काम नाजूक. रविवारच्या गर्दीत मासे साफ करून देणाऱ्या बाईंना एवढ्याशा माशांवर तितका वेळ देणं परवडत नाही. घरी मी केलं तेव्हा निम्म्या मुडदुश्यांचे दोन तुकडे झाले. कुणाचा हात माझ्यापेक्षा चांगला असेल तर त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

लेप्याला ही अडचण येतच नाही, कारण त्याचं अंगच चपटं. पिल्लू असताना तोही इतर माशांसारखा सरळ पोहतो, दोन बाजूंना दोन डोळे असतात. वाढताना एक डोळा डोक्यावरून दुसऱ्या बाजूला सरकतो आणि मासा कायमचा एका कुशीवर तळाशी पडून राहतो. आपल्या लेप्याचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला. इंग्लंडला राहणारा माझा चुलतभाऊ तिथल्या ‘प्लेस’ नावाच्या माशाची फार स्तुती करतो. तो मासाही याच तऱ्हेचा, फक्त त्याचे डोळे उजव्या अंगाला आणि पाठीवर नारिंगी ठिपके. तव्याच्या दृष्टीने गुण एकच: अख्खी बाजू तेलाला टेकते. डोक्यापासून शेपटीपर्यंत जाडी फारशी बदलत नाही, त्यामुळे सगळं एकदमच शिजतं. शिवाय लेप्याचे पाठीचे, पोटाचे आणि शेपटीचे पर एकमेकांना जोडलेले असतात. ती कडेची झालर तळल्यावर पापडासारखी होते. आमच्या घरात त्यावरूनच भांडणं होतात.

काट्यांचंही सोपं. मधल्या कण्याच्या वरचं मांस उचललं की कणा फणीसारखा अख्खा निघतो आणि खालचं मांस ताटात राहतं. मुलांना मी असंच काढून देतो.

लेप्याचा त्रास म्हणजे त्याची वरची काळपट साल. ती खरखरीत असते आणि ठेवली तर मसाला आत जात नाही. पण ते एकदा शिकलं की झालं. डोक्याजवळ सुरीने चीर द्यायची, सालीचं टोक सुटलं की बोटं मिठात बुडवून शेपटीकडे ओढायची. मीठ नसेल तर बोटं घसरतात. खालच्या पांढऱ्या बाजूचे नुसते खवले काढले तरी चालतं.

घेताना पांढरी बाजू बघा. मोत्यासारखी असेल तर घ्या. पिवळट पडली असेल आणि वास गाळासारखा येत असेल तर ती टोपली सोडा, कारण शिळा लेपो तिखट-आंबट रेशाद मसाल्यानेही सुधारत नाही. ताजेपणाच्या बाबतीत मुडदुशी थोडी जास्त क्षमाशील आहे, हे मान्य करायला हवं. आकार निदान वीतभर असावा. त्याहून लहान असतील तर भाव कमी लागतो, पण ते काट्यासकट कडक तळूनच खायचे.

भावाचं म्हणाल तर मला बहुतेक वेळा मुडदुशीच महाग पडली आहे. तरी मी तिला पूर्ण सोडलेलं नाही. रविवारी घरी माणसं असली की लेप्यांचे दोन वाटे घेतो, आणि हुमणापुरत्या चार मुडदुश्या.