खानापूर रस्त्यावरचे जिवंत माशांचे दुकान

बेळगावात समुद्री मासळी कारवार आणि गोव्याकडून बर्फात येते. तळ्यातले रोहू, कटला आणि चिलापी मात्र जिवंत मिळतात, आणि त्यांच्यासाठी गेले चार महिने मी खानापूर रस्त्यावरच्या एका लहान दुकानात जात आहे. मासा येथे उत्तम मिळतोच, पण मी मुद्दाम येथे जातो ते वेगळ्या कारणासाठी. येथे मासा शुद्धीत असताना त्याचे खवले काढत नाहीत.

दुकानदार जाळीने एकेकच मासा बाहेर घेतात, ओल्या फडक्यावर दाबून धरतात, डोळ्यांच्या किंचित मागे लाकडी दांडक्याचा एकच जोरदार घाव घालतात आणि लगेच कल्ले कापून रक्त वाहू देतात. मासा खरोखर बेशुद्ध झाला हे कसे ओळखता, असे पहिल्या दिवशी विचारल्यावर त्यांनी तो हातात कलता करून दाखवला. "शुद्धीत असला की अंग वळवलं तरी डोळा सरळ राहायला बघतो, दादा. ह्याचा डोळा अंगाबरोबरच फिरला, आणि कल्ल्याची झाकणंही थांबलीत."

पूर्वी मी जेथून मासे घेत असे, तेथे वजन झालेला रोहू आपली पाळी येईपर्यंत फरशीवर तडफडत पडलेला असे. रोहूसारखे कार्प जातीचे मासे कमी प्राणवायूतही तग धरतात, त्यामुळे पाण्याबाहेरचे त्यांचे मरण लांबते. माशाला हवेत गुदमरू देणे किंवा बर्फाच्या पाण्यात टाकून मारणे त्याच्या दृष्टीने वाईट आहे, असे जागतिक पशुआरोग्य संघटनेची जलचरांविषयीची संहिता स्पष्ट सांगते. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही 'प्राणी' या शब्दात माणसाखेरीज प्रत्येक सजीव येतो, आणि अन्नासाठी मारण्याची मुभा अनावश्यक वेदना न देण्याच्या अटीवरच आहे.

चवीतही फरक पडतो. तडफडण्यात स्नायूंमधली साठवलेली शक्ती खर्च होते, आम्ल वाढते आणि मांस लवकर मऊ पडते. येथल्या रोहूचे तुकडे आमटीत अखंड राहतात. किलोमागे 20 रुपये जास्त पडतात, ते मला योग्य वाटतात.

एक उणीव मात्र गंभीर आहे. रविवारी टाकीत मासे दाटीवाटीने भरतात, हवेचा पंप एकच असतो, आणि मासे वर येऊन तोंडे उघडताना दिसतात. शेवटचा घाव नीट घालणाऱ्या माणसाने आधीचे काही तासही तितकेच जपावेत, असे मी त्यांना सांगितले. दुसरा पंप आणण्याचे त्यांनी मान्य केले आहे. तोवर मी बुधवारी सकाळी, टाकी मोकळी असताना जातो.