प्रीमियर पद्मिनीचा पत्रा: एका पावसाळ्यानंतर

ड्रायव्हर बाजूच्या सिलवर, म्हणजे दरवाज्याखालच्या लांब पट्टीवर, रंगाला फुगे आले आणि माझं डोकंच फिरलं. नवाकोरा पत्रा, रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, वर रंग, आणि एका पावसाळ्यात ही अवस्था! पद्मिनीसाठी पत्रा शोधत असाल तर हे वाचूनच पैसे काढा.

गाडी 1986 ची, पुण्यात रोज चालते. इंजिन ठणठणीत, पण दोन्ही सिल आणि मागचा डावा दरवाजा गंजून गेले होते. पद्मिनीला वेगळी चासी नाही, भार बॉडीच पेलते. सिल कुजलं की गाडी मधून बसते आणि दरवाजे लागेनासे होतात, म्हणून हे काम पुढे ढकलता येत नाही.

कंपनीचा नवा पत्रा विसरा, उत्पादन थांबून वीसेक वर्षं उलटून गेली. उरतो वाकवून घेतलेला लोकल पत्रा, नाहीतर मोडीत निघालेल्या टॅक्सीचा भाग. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारातला हा माल आता कमीच होत जाणार. ज्या कुर्ल्यात या गाड्या तयार झाल्या, तिथेच त्यांचे दरवाजे भंगारात रचलेले बघून वाईट वाटतं. आणि नुसतं ‘फियाटचा दरवाजा’ मागू नका. पद्मिनीच्या आधीच्या काही जुन्या फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, ते पद्मिनीला बसत नाहीत.

मी सिल लोकल घेतलं, दरवाजा टॅक्सीचा. घेताना भरवसा होता तो सिलवर. दरवाजा स्वस्त पडला म्हणून घेतला, तोही चुंबक फिरवून. खालच्या कडेला चुंबक चिकटत नसेल तर आत लांबी (पुट्टी) भरलेली असते, असे दरवाजे बाजूला सारले. हाती लागला त्यावर शेवटपर्यंत खटकन चिकटलं. घासल्यावर काळ्या रंगाचे थरावर थर निघाले आणि खाली पत्रा शाबूत.

आता मुद्द्याचं: पाणी निघायची भोकं. काचेलगतच्या रबरातून पाणी दरवाज्यात उतरतंच, म्हणून कंपनीने खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. टॅक्सीच्या दरवाज्यातली भोकं चिखलाने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. जुलैच्या धो धो पावसात वाकून पाहिलं तर पाणी थेंब थेंब खाली पडत होतं. पावसाळा संपल्यावर आतलं पॅड काढलं, गंजाचा ठिपका नाही.

लोकल सिलला भोकच नाही! खालची शिवण सलग वेल्ड केलेली. काम चालू असतानाच मी विचारलं होतं, तर टिंकर, म्हणजे पत्रा जोडणारा कारागीर, म्हणाला, “साहेब, भोकं ठेवली तर चिखल आत जाईल.” फुगे दाखवायला गेलो तेव्हा त्याने रंगवाल्यावर ढकललं, रंगवाल्याने पत्रा विकणाऱ्यावर, आणि तो म्हणाला पत्र्याची गॅरंटी नसते. शेवटी घरीच सिलच्या सगळ्यात खालच्या जागी ड्रिल लावलं. बिट आत शिरताच तांबूस पाण्याची धार लागली, बराच वेळ थांबेना.

तेव्हा अख्खं सिल उपटून टाकावंसं वाटलं होतं. पण फुगलेला भाग घासून पाहिल्यावर मत बदललं. पत्रा 18 गेजचा, जाड आणि धड आहे. गंज धरलाय तो वेल्डिंगच्या रेषेवर, जिथे उष्णतेने आतला प्रायमर जळून गेला होता. म्हणजे पत्रा वाईट नाही, साचलेल्या पाण्याने घात केला. जोडायच्या कडांना आधी जस्ताचा प्रायमर आणि वेल्डिंगनंतर भोकांतून आत पातळ वॅक्स, एवढं केलं तर लोकल सिल पैसा वसूल आहे. भोकं पाडायला लागतो एक ड्रिल बिट, आणि तेवढ्यासाठी मला परत रंगाचा खर्च! याची चीड अजून जात नाही.

सिल कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून घ्या आणि एका वेळी एकच बाजू कापू द्या, नाहीतर चौकट वाकडी होते. टिंकर घाई करेल, ऐकू नका. समोर उभं राहून भोकं पाडून घ्या, मगच पैसे द्या.

डाव्या सिलवर एकही फुगा नव्हता. तरी त्यालाही भोकं पाडली. पाणी तिथेही होतं.