पेनेलोपी बसवावी की युरिडिसी?

ग्रीक पुराणकथा बाईच्या बाजूने सांगणारं नाटक करायचं मनात असेल, तर मी दोनच नावं सुचवेन : मार्गारेट ॲटवूड यांचं 'द पेनेलोपियाड' आणि सारा रूल यांचं 'युरिडिसी'.

पहिल्याचं मूळ होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात, बाविसाव्या सर्गात. ओडिसियस २० वर्षांनी घरी येतो, बायकोला, म्हणजे पेनेलोपीला, मागणी घालत ठाण मांडून बसलेल्यांना कापून काढतो. मग त्याचा मुलगा १२ दासींना जहाजाच्या दोराने फासावर देतो. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही, एवढं सांगून होमर पुढे जातो. ॲटवूड तिथून हलत नाहीत. मेलेली पेनेलोपी पाताळातून आपली कहाणी सांगते आणि दासींचा कोरस तिला सुखाने बोलू देत नाही. लग्न लांबवण्यासाठी, सासऱ्याकरता दिवसा विणलेलं कफन रात्री उसवायला याच मुली तिच्यासोबत बसायच्या. त्या पुरुषांत मिसळा, माझी निंदा करा, हेही तिनेच सांगितलेलं. आणि फास आवळले तेव्हा ती झोपलेली होती! मालकिणीची बाजू वेगळी, मोलकरणीची वेगळी, हे इतकं उघडपणे मांडणारं नाटक मला फार मोलाचं वाटतं.

'युरिडिसी'चा जीव बाप-लेकीत आहे. पावसाने भरलेल्या लिफ्टमधून मेलेली युरिडिसी पाताळात उतरते, स्मृती धुऊन गेलेली. आधीच वारलेल्या वडिलांना ती हमाल समजते आणि खोली मागते. पाताळात खोल्या नसतात, म्हणून ते सुतळी ताणून भिंती उभ्या करतात. प्रेक्षकांसमोर, एकेक कोपरा बांधत. तिचा नवरा ऑर्फियस तिला परत न्यायला येतो, अट एकच, वाटेत मागे वळून पाहायचं नाही. परतीच्या वाटेवर तो मागे वळतो तो तिने हाक मारल्यामुळे. मूळ कथेत ती नुसती मागून चालते. इथे निर्णयात तिचा वाटा आहे. तरी समाजाला जाब विचारणारं काही हवं असेल, तर ते इथे मिळणार नाही.

'युरिडिसी' सात नटांत होतं. 'पेनेलोपियाड' २००७ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने कॅनडाच्या नॅशनल आर्ट्स सेंटरबरोबर केलं, तेव्हा १३ अभिनेत्रींनी पुरुषांच्या भूमिकाही निभावल्या. एकत्र गाणाऱ्या, एका लयीत हलणाऱ्या तितक्या जणी आणि तालमीला भरपूर वेळ असेल, तर बेलाशक तेच घ्या. कोरस कच्चा राहिला तर त्या मुली पुन्हा नुसत्या दासीच उरतील. अशा वेळी 'युरिडिसी' करा, आणि सुतळीच्या खोलीला घाई करू नका.