गच्चीवरची सातेरीची पेटी: वर्षभर सांभाळल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांची वसाहत पेटीसकट घेतली. पेटी दणकट आहे, माश्याही शांत आहेत. पण विकणारे मधाबद्दलच बोलतात आणि खरी जबाबदारी शेजाऱ्यांची असते, म्हणून हे लिहिते आहे.

पेटी आणण्याआधी इमारतीत सगळ्यांना विचारलं, मधमाशी चावून कुणाला श्वास लागलाय का? कुणी हो म्हटलं असतं तर पेटी आणलीच नसती. माशी चावली की नांगी नखाने लगेच खरवडून काढायची आणि तिथून बाजूला व्हायचं, कारण नांगीच्या वासाने बाकीच्या माश्या चवताळतात. चावलेली जागा सुजणं नेहमीचंच. पण अंगभर गांधी, ओठ सुजणं, धाप किंवा चक्कर आली तर थेट हॉस्पिटल गाठायचं. आधी कधी त्रास झाला नव्हता म्हणून पुढेही होणार नाही, असं नसतं.

मार्चच्या उन्हात माश्या शेजारच्या काकूंच्या बादलीवर पाण्याला जमू लागल्या. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर पिवळे ठिपकेही पडले. ती माश्यांची विष्ठा. काकूंची तक्रार रास्तच होती. परातीत खडे घालून पाणी ठेवलं आणि पेटी दोरीपासून लांब नेली, तीही रोज हातभर सरकवत. एकदम उचलून नेली तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात.

पावसाळा मात्र परीक्षा पाहतो. बाहेर फुलं नाहीत, झड लागलेली. संध्याकाळी पेटीच्या आत साखरेचा पाक ठेवायचा, थेंबही सांडू द्यायचा नाही, नाहीतर मुंग्या येतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. तळफळीवर भुसा आणि जाळ्या दिसल्या की मेणपतंग शिरलाय समजा. रिकामी पोळी काढून टाकायची. दुर्लक्ष झालं तर सातेरी सरळ पेटी सोडून जाते.

मध उन्हाळ्यात, जांभळाचा फुलोरा सरल्यावर काढला. तोही पेटीच्या वरच्या मजल्यातला, मेणाने बंद झालेल्या पोळ्यांचाच. बहिणीला बरणी दिली तेव्हा बजावलं, बाळाला चाटवू नकोस. वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो, मध घरचा असला तरी.

पावसाळ्यात महिनाभर गावी जाणार असाल आणि पाक द्यायला मागे कुणी नसेल, तर पेटी घेऊ नका. घेणारच असाल तर आधी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणाची चौकशी करा.