रॉसिन्योल हीरो वर्ल्ड कप ७० एससी: मुलांचा रेसिंग बूट

मुलांच्या स्की रेसिंगचं बजेट आधी बुटावर खर्च करा. धार लावलेली जुनी स्की चालते, सैल बूट मुळीच नाही. या बुटाचा कफ (पोटरीभोवतीचा वरचा भाग) आखूड आहे, त्यामुळे लहान पोटरीच्या मुलालाही गुडघे पुढे दाबता येतात; हीच याची खरी जमेची बाजू.

मापासाठी लायनर (आतला मऊ बूट) काढा, पाय नुसत्या बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचात घालून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे १ ते १.५ सेंमी जागा पुरे. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून २ सेंमीहून जास्त ठेवली, की टाच उचलते आणि वळणात स्कीची धार बर्फाला उशिरा लागते. पायात मोजा एकच, पातळ.

७० फ्लेक्स (बुटाच्या कडकपणाचा आकडा) दुकानातल्या उबेत मऊ भासतो. थंडीत प्लास्टिक कडक होतं. दुकानातच घोटा वाकत नसेल तर घेऊ नका, मूल मागे झुकून स्की करायला शिकेल. रुंद पावलांना हा घट्टच बसतो, कवच ताणून घ्यावं लागेल.

बुटाचा तळवा आयएसओ ५३५५ (स्की बुटांच्या तळव्याचं मानक) चा प्रौढ प्रकार आहे का तपासा. असेल तर फक्त मुलांच्या तळव्यासाठीच्या बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) तो बसवू नका. बाइंडिंगचं डीआयएन (पडल्यावर बूट किती जोराने सुटेल याचा आकडा) तंत्रज्ञाकडूनच लावून घ्या.